इमिग्रेशनच्या खिडकीपलीकडे

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली बरीच पत्रं विमानतळावरच्या आणि सीमेवरच्या इमिग्रेशनबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रं लांब होती, ती आटोपशीर केली आहेत.

लेक न्यू जर्सीला असते, तिचं पहिलं बाळंतपण आहे. आम्हा दोघांना दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय. इंग्रजी नावापुरतं, घरात अहिराणी, बाहेर मराठी. आमच्या गल्लीतल्या एकांना तिथे उतरल्यावर वेगळ्या खोलीत दोन तास बसवून ठेवलं होतं. काय विचारतात? काय सांगायचं, काय नाही? (अमळनेर)

काय सांगायचं आणि काय लपवायचं, हा हिशेब आधी डोक्यातून काढा. अडचण तिथूनच सुरू होते.

व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे उतरल्यावर खिडकीवरचा अधिकारी ठरवतो. तिथला कायदा असं धरून चालतो की पर्यटक व्हिसावर आलेला माणूस कायमचा राहायलाच आलाय. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी प्रवाशावर असते. म्हणून प्रश्न त्याच बेताचे येतात: कशासाठी आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस, खर्च कोण करणार, परत कधी. बाकी बोटांचे ठसे आणि फोटो. बहुतेकांचं काम दोन-चार मिनिटांत होतं.

बाळंतपणाला आलो, लेकीकडे राहणार, अमुक तारखेला परत, हे सरळ सांगा. आई-वडिलांनी लेकीला हातभार लावण्यात गैर काही नाही. पैसे घेऊन मूल सांभाळणं किंवा घरकाम करणं या व्हिसावर चालत नाही. आपल्याकडे सवयीने ‘कामासाठी आलो’ असं तोंडातून निघतं. तो शब्द टाळा, कारण त्यांच्या कानाला त्याचा अर्थ नोकरी असाच लागतो. तोंडी ‘तीन महिने’ आणि तिकीट साडेपाच महिन्यांनंतरचं, असंही नको. खिडकीवर नवरा-बायको बहुधा एकत्रच जातात, म्हणून दोघांना तारीख आणि पत्ता सारखाच ठाऊक हवा. लेकीचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट आणि डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची अंदाजे तारीख कागदावर छापून हातात ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांचा मुक्काम नव्हे. मुक्कामाची शेवटची तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती बहुतेक वेळा सहा महिन्यांची मिळते आणि ऑनलाइन पाहता येते. घरी पोहोचल्यावर जावयाला ती काढून द्यायला सांगा. दरवर्षी जाऊन पाच-साडेपाच महिने राहणाऱ्यांना पुढच्या फेरीत जास्त प्रश्न येतात.

आता वेगळ्या खोलीबद्दल. तिला सेकंडरी म्हणतात. तिथे पाठवलं म्हणजे गुन्हेगार ठरवलं असं नाही. नाव आणि जन्मतारीख यादीतल्या कुणाशी जुळली (पाटील, चौधरी, महाजन या आडनावांचे लोक आपल्याकडे किती आहेत ते सांगायला नको), ठसे नीट उमटले नाहीत, उत्तरात विसंगती दिसली, किंवा निव्वळ नमुना-तपासणी, यांपैकी कोणतंही कारण पुरतं. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून ठशांची अडचण आपल्याकडच्या लोकांना हमखास येते. बोटं कोरडी पडली असतील तर आधी थोडं क्रीम चोळावं. दरवेळी नावाच्या साम्यामुळेच अडकत असाल तर ‘डीएचएस ट्रिप’ या योजनेत अर्ज करता येतो. त्यातून मिळालेला क्रमांक पुढच्या तिकिटावर नोंदवतात.

सेकंडरीत तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली म्हणजे तिथे वकील मागण्याचा हक्क प्रवेश मागणाऱ्या प्रवाशाला नसतो, त्याच्यावर गुन्ह्याचा तपास सुरू असेल तरच तो मिळतो. तेव्हा त्यावरून वाद घालू नका. दुसरी भाषेची. पहिल्याच वाक्याला ‘मराठी’ म्हणा आणि दुभाषी मागा. बहुधा फोनवरून दुभाषी जोडून देतात. समजलं नाही तरी मान डोलवून ‘येस, येस’ म्हणणं हे आपल्या लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. ‘नोकरी शोधणार का’ या प्रश्नालाही तेच उत्तर जातं, आणि ते जबाबात उतरतं. तिसरी गोष्ट सहीची. शपथेवरचा जबाब प्रश्नोत्तरांच्या रूपात टाइप होतो आणि पानोपानी आद्याक्षरं घेतात. आपल्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

प्रकरण परत पाठवण्यापर्यंत गेलंच तर दोन वाटा असतात. एकीत प्रवाशाला प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ देतात. व्हिसा बहुधा रद्द होतो, पण पुन्हा अर्ज करायला बंदी लागत नाही. दुसरीत तडकाफडकी हद्दपारीचा आदेश निघतो आणि पाच वर्षं प्रवेश बंद. पहिली वाट देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असलं तरी ती मागता येते, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक मागतच नाहीत.

राहिला डबा. अमेरिकेत २००३पासून इमिग्रेशन आणि कस्टम्स एकाच खात्यात आहेत, त्यामुळे तोच अधिकारी बॅगेत काय आहे तेही विचारतो. भरताची वांगी, हिरव्या मिरच्या, बी-बियाणं, मांस नेऊ नका. कढीपत्ता तर अजिबात नको, त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरतो म्हणून त्यांचा तो फार कडक नियम आहे. केळीचे वेफर्स, बिबड्या, काळा मसाला, डिंकाचे लाडू जे काही असेल ते ‘आहे’ म्हणून सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर घरगुती प्रमाणातल्या पहिल्या चुकीलाही १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. घरातल्या सगळ्यांची मिळून रोकड १०,००० डॉलरच्या वर असेल तर तीही जाहीर करावी लागते.

आमची पंधरा-वीस जणांची बस पशुपतिनाथला जायची आहे. सोनौलीला पासपोर्ट लागतो का? (शिरपूर)

लागत नाही. भारतीयाला नेपाळचा व्हिसाही लागत नाही. पण ओळखपत्र प्रत्येकाकडे मूळ हवं: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. विमानाने जाताना यावर काटेकोर बोट ठेवतात. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना चालतं, बाकीच्यांना नाही. बसमधल्या मधल्या वयाच्या मंडळींकडे नेमकं आधारच असतं, म्हणून निघण्याआधी मतदार कार्डं गोळा करून पाहा. सोबत परदेशी नागरिकत्व घेतलेला कुणी नातेवाईक असेल तर त्याला मात्र पासपोर्ट आणि नेपाळचा व्हिसा लागेल. त्याने इमिग्रेशन चौकीवर शिक्का घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या अधिकाऱ्यांना नेमकं काय शिकवतात? माणसाशी बोलायची रीत शिकवत नाहीत का? (भुसावळ)

शिकवतात. ती किती टिकते, हा पुढचा प्रश्न.

प्रशिक्षणाचा मोठा भाग तीन गोष्टींवर जातो. पहिली कागद. पासपोर्टच्या माहितीच्या पानाखाली दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, बाणासारख्या चिन्हांनी भरलेल्या. त्यात पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि वैधतेची तारीख यांच्यामागे एकेक पडताळा-अंक असतो. तो ७, ३, १ या गुणकांनी काढतात. जन्मतारीख १५ ऑगस्ट १९८५ असेल तर ती ८५०८१५ अशी लिहितात. आठ सत्ते ५६, पाच त्रिक १५, शून्य, पुन्हा आठ सत्ते ५६, एक त्रिक ३, पाच एके ५. बेरीज १३५, शेवटचा अंक ५, हाच पडताळा-अंक. कुणी ८५चं ९५ केलं तर बेरीज १४२ होते आणि अंक २ यायला हवा. जुना ५ तसाच राहिला तर यंत्र लगेच अडवतं. याखेरीज अतिनील दिव्याखाली दिसणारे धागे, कागदातली पाणखूण, शिवणीचा दोरा, बोटाला लागणारी उठावाची छपाई हे सगळं हाताळून शिकवतात. अधिकारी पान तिरकं धरून अंगठा फिरवताना दिसतो, तो यासाठी.

दुसरी गोष्ट चेहरा. इथे एक अभ्यास सांगायलाच हवा. २०१४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी घेतली होती. समोर उभा माणूस आणि फोटोतला माणूस वेगळे असतानाही १४ टक्के वेळा त्यांनी ‘तोच’ म्हणून मान्य केलं. नोकरीची वर्षं वाढली म्हणून चुका कमी झालेल्या दिसल्या नाहीत. काही जण मुळातच चेहरे ओळखण्यात तरबेज असतात. म्हणजे प्रशिक्षणाइतकीच निवड महत्त्वाची. यंत्राने चेहरा ताडण्याचा आग्रह त्यातूनच वाढला. दाढी वाढलेली, वजन उतरलेलं, फोटो नऊ वर्षांपूर्वीचा, तर अधिकारी कान आणि डोळ्यांमधलं अंतर बघत बसतो. टोपी, चष्मा काढून सरळ उभं राहा, काम लवकर होतं.

तिसरी प्रश्न विचारण्याची कला. माणूस घाबरलाय म्हणजे खोटं बोलतोय, हा समज अधिकाऱ्यांतही असतो आणि तो चुकीचा आहे. खोटं ओळखण्यावरच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र आढावा २००६मध्ये निघाला. त्यात नुसतं बघून ऐकून खरं-खोटं ओळखण्याचं प्रमाण ५४ टक्के भरलं, नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. म्हणून चांगलं प्रशिक्षण हावभावांवर न थांबता पडताळता येणारा तपशील विचारायला शिकवतं: हॉटेलचं नाव, आधीचा प्रवास, तिकिटाचे पैसे कुणी भरले. प्रश्न उद्धट वाटला तरी बहुधा तो या जातीचा असतो.

कॅनडात सीमा अधिकारी होण्यासाठी क्युबेकमधल्या रिगो इथल्या महाविद्यालयात राहून प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि नंतर प्रत्यक्ष चौकीवर देखरेखीखालचा काळ असतो. युरोपात शेंगेनच्या (आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांच्या गटाच्या) नियमात लिहूनच ठेवलंय की सीमारक्षक प्रशिक्षित असावा, त्याने प्रवाशाची प्रतिष्ठा राखावी, वंश, धर्म, वय यांवरून भेद करू नये, आणि एकटी मुलं किंवा तस्करीला बळी पडलेली माणसं ओळखण्याचं त्याला शिक्षण असावं. आपल्याकडे १ सप्टेंबर २०२५पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला आहे. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास २ ते ७ वर्षं कैद आणि १ ते १० लाख रुपये दंड. एवढ्या वजनाचा कायदा हातात असलेल्या माणसाला वागणुकीचं शिक्षण एका व्याख्यानात उरकून चालणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाठोपाठ चार विमानं उतरलेली, रांग खांबापर्यंत आलेली, तेव्हा शिकलेलं टिकतं ते मागे लक्ष ठेवणारा वरिष्ठ असेल तरच.

वागणूक खरोखर वाईट असेल तर तिथे आवाज चढवू नका. विमानतळ, तारीख, वेळ, खिडकीचा क्रमांक आणि छातीवरचा बिल्ला क्रमांक टिपून घ्या. भारतातली तक्रार केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ पोर्टलवर गृह मंत्रालयाकडे करता येते. ‘अधिकारी उर्मट होता’ एवढ्याने काही होत नाही. तो काय म्हणाला ते शब्द जसेच्या तसे लिहा.

भाऊ आठवी शिकलाय. एजंटने दुबईचा व्हिजिट व्हिसा काढून दिला, तिथे गेल्यावर काम लागेल म्हणाला. मुंबईला इमिग्रेशनने विमानात बसू दिलं नाही. तिकिटाचे पैसे बुडाले. हा अन्याय नाही का? (धुळे)

पैसे बुडवले ते एजंटने. भाऊ दहावी झालेला नाही, म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआर शिक्क्याचा, म्हणजे ‘नोकरीसाठी जाण्याआधी परवानगी हवी’ अशा शेऱ्याचा असणार. असा पासपोर्ट असलेल्याला १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर १९८३च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया, थायलंड हे त्यांत आहेत. परवानगी ‘ई-मायग्रेट’ या पोर्टलवर, नोंदणीकृत एजंटमार्फत किंवा थेट मालकाकडून आलेल्या करारावर मिळते. एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. सोबत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये. मालकाने पगार बुडवला किंवा अपघात झाला तर दूतावासाला दाखवायला हेच कागद कामी येतात.

खिडकीवरच्या अधिकाऱ्याला काय दिसलं असेल? ईसीआर पासपोर्ट, व्हिजिट व्हिसा, परतीचं तिकीट नाही किंवा बनावट, खिशात पैसे नाहीत, हॉटेल विचारलं तर एजंटचा नंबर. ईसीआर पासपोर्टवर खरोखर फिरायला जाणं बेकायदा नाही. पण मग परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चाची तजवीज दाखवता आली पाहिजे. थायलंडकडे निघालेल्या तरुणांना तर हल्ली जास्तच विचारतात. नोकरीच्या आमिषाने तिथून म्यानमारच्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांवर मुलं नेल्याचे प्रकार घडले आहेत.

तरीही अडवण्याला कारण लागतं. परदेशी जाण्याचा हक्क कायद्याने घालून दिलेल्या न्याय्य पद्धतीशिवाय हिरावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८च्या मनेका गांधी खटल्यात सांगून ठेवलंय. कारण विचारा आणि लेखी मागा.

पुढे काय? एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. नसेल तर पैसे दिल्याच्या पावत्या, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे संदेश घेऊन पोलिसांत फिर्याद द्या. आणि भाऊ १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी झाला, तर त्या प्रमाणपत्रावर पासपोर्ट पुन्हा काढून ईसीआरचा शेरा निघतो. एक भलतीच चूकही पाहून ठेवा: पासपोर्टवर फक्त नाव असेल आणि आडनावाचा रकाना कोरा असेल, तर नोव्हेंबर २०२२पासून अमिरातीच्या व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

मुलगा अमेरिकेत शिकतो. सुट्टीवरून परत जाताना मोबाइलचा पासवर्ड मागतात म्हणे. द्यावा का? (जळगाव)

मागू शकतात. अमेरिकेच्या सीमा खात्याचा जानेवारी २०१८चा लेखी आदेश यावर आहे. साधी तपासणी, म्हणजे फोन हातात घेऊन चाळणं, कोणत्याही संशयाविना करता येते. यंत्र जोडून माहिती उतरवून घ्यायची तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण आणि वरिष्ठाची मंजुरी लागते. बघायचं ते फोनवर साठवलेलं; इंटरनेट बंद करून बघायचं, क्लाउडवरचं नाही. म्हणून फोन देताना एअरप्लेन मोडवर आहे ना, ते पाहावं. फोन ठेवून घेतला तर पावती मागावी, सर्वसाधारणपणे पाच दिवसांच्या आत तपासणी उरकायची असते. पासवर्ड नाकारला तर अमेरिकन नागरिकाला आत घ्यावंच लागतं, विद्यार्थी व्हिसावाल्याला परत पाठवू शकतात. मुलाने द्यावा, हेच व्यवहाराचं. घाईघाईत गप्पा पुसून जाणं मात्र टाळावं. रिकामा फोन जास्त प्रश्न उभे करतो.

जूनमध्ये युरोपची सहल आहे. तिथे अडवलं तर आपल्याला काही हक्क असतात का? (शहादा)

असतात, आणि इथल्यापेक्षा स्पष्ट लिहिलेले. पहिल्या खिडकीवरून आत दुसऱ्या तपासणीला नेलं तर ती कशासाठी आणि कशी होणार, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत लेखी सांगायला हवं. त्यात अधिकाऱ्याचं नाव किंवा सेवा क्रमांकही मागता येतो. सोय असेल तिथे चारचौघांसमोर न करता बाजूला तपासणी करा, असं म्हणता येतं. प्रवेश नाकारला तर ठरावीक नमुन्याचा कागद मिळतो, त्यावर कारणाच्या रकान्यात खूण असते आणि अपील कुठे करायचं ते लिहिलेलं असतं. अपील केलं म्हणून तोवर आत राहता येत नाही, पण तो कागद पुढच्या व्हिसासाठी जपून ठेवा.

नाकारण्याची वेळ येते ती बहुतेक साध्या कारणांनी. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. हॉटेलचं बुकिंग व्हिसा मिळताच रद्द केलेलं नसावं. खिडकीवरून हॉटेलला फोन जाऊ शकतो. १२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. व्हिसाच्या वेळी दिलेले ठसे तिथे ताडतात आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. त्यामुळे रांग लांबते, पुढच्या विमानाला दोन-अडीच तास तरी मध्ये ठेवा.

आमच्या लॉजवर अजिंठा पाहायला आलेले परदेशी उतरतात. त्यांची नोंद कशी करायची? (जळगाव)

पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती इमिग्रेशन खात्याकडे ऑनलाइन भरा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत घ्या, व्हिसाची मुदत बघा. एका रात्रीचा पाहुणा असला तरी हे चुकत नाही, आणि घरी ओळखीचा परदेशी उतरला तरीही.

मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, इमिग्रेशनमध्ये जायचं म्हणते. परीक्षा कोणती? (नंदुरबार)

भारतात हे काम गृह मंत्रालयाखालचा इमिग्रेशन ब्यूरो पाहतो. १९७१मध्ये सुरू झालेला हा विभाग गुप्तचर विभागाशी जोडलेला आहे. त्यामुळे थेट वाट म्हणजे गुप्तचर विभागाची एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी) श्रेणी २ ही परीक्षा: पदवी, वय १८ ते २७, राखीव प्रवर्गांना सवलत. पहिला टप्पा १०० गुणांचा, पाच विभाग, एक तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. मग लेखी वर्णनात्मक, मग मुलाखत. निवड झाली म्हणजे विमानतळच मिळेल असं नाही, नेमणूक देशात कुठेही होते. दहावीवर सिक्युरिटी असिस्टंटची भरती निघते, तिथे स्थानिक भाषा यावी लागते. राज्य पोलिसांतून प्रतिनियुक्तीवरही माणसं घेतात.

तिला खिडकीपलीकडचं बॅगा तपासणारं खातं हवं असेल तर ते कस्टम्स, आणि त्याची वाट एसएससी सीजीएल, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठीची परीक्षा. प्रिव्हेंटिव्ह ऑफिसरला मुलींसाठी उंची १५२ सेंमी, शिवाय २० मिनिटांत १ किलोमीटर चालणं. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना उंचीत सवलत आहे, जाहिरातीत पाहून घ्या. विमानतळाच्या दाराशी उभे असतात ते तिसरेच, सीआयएसएफचे. अर्ज करण्याआधी या तिघांतलं नेमकं कोणतं काम हवंय ते तिला ठरवू द्या. आणि शाखा कोणतीही असो, एक परकी भाषा आत्तापासून शिकायला लावा.